रायगड किनाऱ्यावरची गावठी गुरे : प्रस्तावना

पेण, अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या पट्ट्यात कुणालाही 'कोकण कपिला कुठे बघायला मिळेल' असे विचारले, तर बहुतेक जण विचारात पडतील. 'गावठी गाय' म्हटले की मात्र लगेच बोट दाखवतील. सुरूच्या बनात रवंथ करत बसलेली, खारबांधावर चरणारी, एस.टी.च्या थांब्याखाली पाऊस चुकवणारी, तीच ती. 2018 मध्ये कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्यूरोने तिची 'कोकण कपिला' या नावाने स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत आणि पुढे गोव्यातही तिचा वावर आहे. 2018 पर्यंत सरकारी दप्तरात ती 'अवर्णित' होती, म्हणजे जिचे वर्णन करण्याची कुणाला गरज वाटली नाही अशी.

खिल्लार, देवणी, लाल कंधारी, डांगी, गवळाऊ या महाराष्ट्राच्या जाती आधीपासून मान्यता पावलेल्या होत्या. ऑल्व्हर यांनी 1938 मध्ये भारतातल्या महत्त्वाच्या गोवंशांची पाहणी प्रसिद्ध केली. जोशी आणि फिलिप्स यांचा भारत-पाकिस्तानातल्या वशिंडाच्या गुरांवरचा ग्रंथ 1953 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने काढला. या ग्रंथांत कोकणच्या गाईला स्वतंत्र जात म्हणून जागा नाही. उंची, वजन, ओढ आणि दूध या मापांनी जाती निवडल्या गेल्या, आणि त्या मापांत आमची लहान चणीची गाय कुठेच बसली नाही. कोकण कपिलेनंतर 2020 मध्ये गोव्याच्या श्वेत कपिलेची, तर 2023 मध्ये पूर्व विदर्भातल्या कठाणी गाईची नोंद झाली. उशिरा का होईना, साध्या गुरांकडे शास्त्राचे लक्ष गेले.

नोंद झाली याचा आनंद आहेच. पण ती होईपर्यंत गावाने या गाईला काम देणे जवळपास थांबवले होते. हे पुस्तक त्या विसंगतीतून निघाले आहे. कोकणातली गाय मुख्यतः दुधासाठी पाळली गेलीच नव्हती, हे आधी स्पष्ट म्हटले पाहिजे. तिच्या पोटचा बैल आणि तिचे शेण यांसाठी ती गोठ्यात होती. चहापुरते, लेकराच्या वाटीपुरते दूध ही वरकड मिळकत होती. बैलाचे काम आटले, शेणाची निकड कमी झाली, तशी गाय कमी झाली. तिचा बचाव दुधाच्या लिटरवर करू पाहणारे माझे अनेक मित्र तळमळीने बोलतात. पण ते तिला अशा मैदानात उतरवतात जिथे तिची हार ठरलेली आहे.

किनाऱ्यावरच्या भातशेतीचे वर्ष डोळ्यांसमोर आणले की हे कळते. उन्हाळ्यात राब भाजायचा. तरव्याच्या जागेवर शेण, पालापाचोळा, गवत आणि वर मातीचा थर देऊन ते धुमसत ठेवायचे. पहिल्या पावसात त्या भाजलेल्या जमिनीवर पेरणी, तीन-चार आठवड्यांनी लावणी. लावणीआधी चिखळणी. इथली खाचरे लहान, वाकडीतिकडी, एकाखाली एक उतरणारी. बांधावरून उडी मारून खालच्या खाचरात जायचे, चार पावलांत वळायचे, गुडघाभर चिखलात दिवसभर नांगर ओढायचा, वर मुसळधार पाऊस. इथे घाटावरचे उंचेपुरे खिल्लार आणून जुंपले तर ते स्वतःच्या वजनाने रुतते आणि कोपऱ्यात वळता वळता बांध फोडते. गावठी बैल हलका, खुराने कडक. कोपऱ्यातला हातभर तुकडाही तो नांगराखाली आणतो. ओल्या गोठ्यात चार महिने उभे राहूनही त्याचे खूर सहसा सडत नाहीत. उरलेल्या वर्षात मळणी, गाडी, कुठे मोट. अलिबाग भागातल्या बेने इस्रायली कुटुंबांचे तेलघाणेही बैलांवरच फिरत. शनिवारी घाणा बंद म्हणून गावाने त्यांना 'शनवार तेली' म्हटले. त्या दिवशी घाण्याच्या बैलालाही सुटी मिळत असणार, असे मला नेहमी वाटते.

आता या व्यवस्थेचा हिशेब बघा. बैलजोडीचे खरे काम वर्षातले दीड-दोन महिने, खाणे बारा महिने. तरी ती परवडत होती, कारण खाणे विकत घ्यावे लागत नव्हते. भाताचा पेंढा घरचा, पावसाळ्यानंतर वरकस जमिनीवरचे गवत, रिकाम्या खाचरांत मोकळी चराई, गावाचे गुरचरण, आणि सगळ्या गावाची गुरे राखणारा एक गुराखी. याचा अर्थ गाईची किंमत एकट्या शेतकऱ्याच्या वहीत नव्हती, ती गावभर पसरलेली होती. पॉवर टिलर आला तेव्हा त्याने हा हिशेब एका फटक्यात मोडला. तो दहा महिने कोपऱ्यात उभा राहतो आणि काही खात नाही. अनुदानही त्याला मिळाले, बैलाला कधी मिळाले नाही. टिलर घेणाऱ्या शेतकऱ्याला मी दोष देणार नाही. घरात माणसे दोन, त्यातला मुलगा तळोज्याला किंवा मुंबईला कामाला. गुरामागे जाणार कोण? मात्र बैल गेल्यावर गोऱ्हा जन्मणे ही अडचण ठरली, आणि ज्या गाईच्या पोटी गोऱ्हाही नको आणि दूधही जेमतेम, ती गाय कुणाला हवी असणार?

चराईचा प्रश्न जुना आहे. जोतीराव फुल्यांनी 1883 मध्ये लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जंगल खात्याने चराऊ राने ताब्यात घेतल्याने शेतकऱ्यांच्या गुरांची दैना कशी झाली, हे मांडले आहे. रायगडात, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, याच जंगल कायद्यांविरुद्धचा लढा 25 सप्टेंबर 1930 रोजी उरण तालुक्यातल्या चिरनेरला गोळीबारापर्यंत गेला. चिरनेरचे हुतात्मे आपण स्वातंत्र्यलढ्याच्या धड्यात वाचतो. त्या लढ्याच्या मुळाशी रानातल्या गवता-लाकडावरचा गावाचा हक्क होता, हे पशुपालनाच्या पुस्तकात आवर्जून लिहायला हवे.

गुरांविषयी विचार करणाऱ्यांचे आपल्याकडे ढोबळ चार पंथ झाले. नवख्या वाचकाला ते माहीत असावेत, कारण आजचे बहुतेक वाद त्यांच्याच उरल्यासुरल्या ठिणग्या आहेत.

पहिला पंथ संकराचा. स्वातंत्र्यानंतर दुधाची टंचाई होती, आणि जर्सी किंवा होल्स्टीन वळूचे रेत वापरून गावठी गाईच्या पोटी जास्त दुधाची कालवड मिळते, हे दिसत होते. 1967 मध्ये मणिभाई देसाईंनी उरुळीकांचनला 'बाएफ'ची स्थापना केली आणि कृत्रिम रेतन शेतकऱ्याच्या दारात नेले. 1970 पासून दूधमहापूर योजना आली. या पंथाने लाखो घरांत रोजचा पैसा आणला, हे मान्य केलेच पाहिजे. पण त्याचा सगळा पाया हिरवा चारा, पेंड, डॉक्टर आणि दूध गोळा करणारी संस्था यांवर होता. दमट किनाऱ्यावर या चारही गोष्टी अपुऱ्या. उष्म्याने धापा टाकणारी, गोचिडांतून येणाऱ्या तापांनी बेजार झालेली संकरित गाय इथे अनेक गोठ्यांत आली आणि काही वर्षांत गेली. जाताना गावठी वंशाची एक पिढी घेऊन गेली.

दुसरा पंथ निवड पैदाशीचा. बाहेरचे रक्त आणू नका, जातीतल्याच उत्तम गाई-वळूंची नोंद ठेवा, त्यांच्यातून पुढची पिढी घडवा, असे तो सांगतो. शास्त्रीयदृष्ट्या हा मार्ग मला सर्वांत पक्का वाटतो, पण त्याला चिकाटीने ठेवलेल्या नोंदवह्या आणि वीस-तीस वर्षांचा धीर लागतो. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठासारख्या संस्थांचे महत्त्व इथे आहे.

तिसरा पंथ गोसेवेचा. त्याची परंपरा पांजरपोळांपासून जमनालाल बजाजांनी वर्ध्यात केलेल्या कामापर्यंत जाते. या पंथाने माया दिली, पैसा उभा केला, भाकड जनावराला आसरा दिला. जातीचा विचार मात्र क्वचित केला. आसऱ्याला आलेल्या शंभर गाई म्हणजे पैदाशीचा कळप नव्हे. तिथे कोण कुणाची कालवड, हेही बहुधा लिहिलेले नसते.

चौथा पंथ अर्थशास्त्रज्ञांचा, आणि त्यात एक मराठी माणूस ठळक आहे. अमेरिकी मानवशास्त्रज्ञ मार्व्हिन हॅरिस यांनी 1966 मध्ये मांडले की भारतातली गाय श्रद्धेपेक्षा बैल, शेण आणि इंधन यांच्या गरजेतून टिकली आहे. पुण्याच्या गोखले संस्थेतले वि. म. दांडेकर यांना हे पटले नाही. जनावरांची संख्या आणि चारा यांचे गणित जुळत नाही, फाजील जनावरे उत्पादक जनावरांच्या तोंडचा घास खातात, असे त्यांचे म्हणणे होते. मला वाटते कोकणापुरते दोघेही आपापल्या काळात बरोबर होते. हॅरिस यांनी सांगितलेली गरज इथे खरी होती. ती संपल्यावर दांडेकरांचा हिशेब लागू झाला.

जैवविविधतेचा विचार यानंतरचा. 1992 च्या रिओ परिषदेनंतर आणि विशेषतः 2007 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या इंटरलाकेन इथे पाळीव जनावरांच्या आनुवंशिक ठेव्यासाठी जागतिक कृती आराखडा ठरल्यानंतर, स्थानिक जाती हा उद्याच्या हवामानासाठीचा साठा आहे, ही भाषा रुळली. केंद्राचे राष्ट्रीय गोकुळ मिशन 2014 च्या डिसेंबरात सुरू झाले. तरी 2019 च्या विसाव्या पशुगणनेत देशातली देशी गुरे 2012 च्या तुलनेत 6 टक्क्यांनी घटून सुमारे 14 कोटी 20 लाखांवर आलेली दिसली, तर विदेशी आणि संकरित गुरे जवळपास 27 टक्क्यांनी वाढली. महाराष्ट्रात तर एकूण गोवंशच सुमारे 10 टक्क्यांनी घटला.

जात टिकण्यामागचे जे घटक या पुस्तकात तपासले आहेत, त्यांतल्या एकावर थोडे थांबायला हवे, कारण त्याच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. तो म्हणजे वळू. लोक गाई मोजतात. पण जातीचे आयुष्य वळूंच्या संख्येवर ठरते. समजा एका तालुक्यात 500 पैदासक्षम गाई आहेत आणि चालू वळू 10. आनुवंशिकीच्या सूत्राने या 510 जनावरांची परिणामकारक संख्या, म्हणजे वंशाच्या दृष्टीने जमेस धरता येणारी संख्या, भरते जेमतेम 39. दर पिढीला नात्यातल्या पैदाशीची वाढ 1 टक्क्याच्या आत ठेवायची तर ही संख्या निदान 50 हवी. वळू 5 उरले तर ती 20 च्या खाली जाते, गाई 500 च्या हजार झाल्या तरीही. पूर्वी देवाला सोडलेला वळू असे, दोन-चार गोठ्यांत न बडवलेले खोंड असत, आणि मोकळ्या चराईत पंचक्रोशीच्या कळपांची सरमिसळ होई. आता गोऱ्हा वर्षाचा व्हायच्या आत नाहीसा होतो. त्यातच कालवडीच जन्माव्यात म्हणून लिंगनिश्चित रेताचा प्रसार होतो आहे. दुधासाठी ते ठीक असेल. लहान जातीत मात्र नर जन्मायलाच हवेत.

याला जोडून आज नवा धोका आला आहे. हा धोका विदेशी नाही, देशीच आहे. गीर गाईची ख्याती एवढी झाली आहे की 'देशी गाय पाळतो' म्हणणारा माणूस गीरचेच रेत भरून घेतो. गीर काठेवाडची, उत्तम जात. पण कोकणच्या गाईत गीर भरली की दोन पिढ्यांत कोकणची गाय पुसली जाते, आणि हे 'देशी गोवंश संवर्धन' या नावाखाली होते म्हणून कुणाला खटकतही नाही. याला ए-टू दुधाच्या जाहिरातींनी जोर दिला. वशिंडाच्या बहुतेक देशी गाईंच्या दुधात ए-टू प्रकारचे केसीन असते हे खरे. त्यापासून आरोग्याला जे मोठे फायदे सांगितले जातात त्यांना अजून पक्का आधार नाही. भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑगस्ट 2024 मध्ये वेष्टनांवरचे ए-वन, ए-टू दावे काढायला सांगितले आणि काही दिवसांतच ती सूचना मागे घेतली. अशा डळमळीत पायावर एखाद्या जातीचे भवितव्य उभे करू नये.

कायद्याचा परिणामही मोकळेपणाने बोलायला हवा. मार्च 2015 पासून महाराष्ट्रात गाईबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. हेतू रक्षणाचा होता. पण म्हातारा बैल विकून नव्यासाठी चार पैसे उभे करण्याची शेतकऱ्याची जुनी वाट त्यामुळे बंद झाली, आणि त्याला मरेपर्यंत पोसण्याचा खर्च त्याच्या एकट्याच्या अंगावर आला. सप्टेंबर 2024 मध्ये राज्य सरकारने देशी गाईला 'राज्यमाता-गोमाता' घोषित केले, आणि दर गाईमागे दिवसाला 50 रुपये देण्याची योजना आणली. ती गोशाळांसाठी आहे. ज्या घरात दोन गाई आणि एक गोऱ्हा अजून बांधलेला आहे, तिथपर्यंत ती पोचत नाही. माझ्या मते पहिला हक्क त्या घराचा होता.

बाकीचे घटक किनाऱ्याचे खास आहेत. पेण-अलिबागच्या खारपट्ट्यात बांधाला खांड पडली आणि उधाणाचे पाणी आत शिरले की भात जाते. भात गेले की पेंढा जातो, आणि खारावलेले शेत पुन्हा गोडे व्हायला काही पावसाळे जावे लागतात. तोवर तिथे तिवरे माजतात किंवा कुणी जिताड्याचे तळे करतो. खारभूमीची बंदिस्ती हे पाटबंधाऱ्याचे खाते समजले जाते. ते वैरणीचेही खाते आहे. जिथे भात होते तिथेही बुटक्या सुधारित वाणांचा पेंढा जुन्या उंच वाणांपेक्षा कमी भरतो. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-मुरूड-अलिबाग पट्ट्यात घरांबरोबर गोठ्यांची छपरेही उडवली. घर पुन्हा बांधले जाते; दोन गुरांसाठी गोठा पुन्हा बांधावा का, असा प्रश्न पडतो तेव्हा उत्तर बहुधा 'नाही' असते. 2022 मध्ये लम्पी त्वचारोग राज्यभर फिरला. आणि जमिनीचे भाव तर वेगळेच प्रकरण. जानेवारी 2024 मध्ये शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू खुला झाला आणि रायगडचा किनारा मुंबईला आणखी जवळ आला. वरकस जमिनीला कुंपण पडले की गुरांची वाट तुटते, आणि तुटलेल्या वाटेवरून डांबरी रस्त्यावर आलेली गाय 'मोकाट' ठरून कोंडवाड्यात जाते.

केरळची वेचूर गाय या पुस्तकात वारंवार येते. 1961 च्या कायद्याने तिथे स्थानिक वळू ठेवण्यावर निर्बंध आले आणि ही छोटी गाय संपल्यातच जमा झाली होती. 1989 पासून प्रा. सोसम्मा आयप आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी गावोगाव फिरून उरलेली मूठभर जनावरे शोधली आणि त्यांतून वंश पुन्हा उभा केला. आपल्याकडे कोकण कपिला अजून त्या टोकाला गेलेली नाही. मूठभर जनावरांवरून वंश उभारण्याची पाळी येण्याआधी काम करण्याची संधी आपल्याला मिळाली आहे, ही मोठी गोष्ट आहे.

प्रस्तुत संग्रहात पशुवैद्य, कृषी अभ्यासक, गुरे पाळणाऱ्या बाया-माणसांच्या मुलाखती घेणारे कार्यकर्ते आणि भात पिकवणारे शेतकरी एकत्र आले आहेत. त्यांचे एकमत नाही. कुणी दुधाच्या निवडीवर भर देतो, कुणी शेणखत आणि नैसर्गिक शेतीवर, कुणी गुरचरणावर. संपादनात हे मतभेद गुळगुळीत केलेले नाहीत, हे मला योग्य वाटते. डोंगरकपारीतल्या गवळी-धनगरांच्या गुरांवर इथे थोडेच आहे. तो विषय स्वतंत्र ग्रंथाचा आहे. किनारा, खारपट्टा आणि त्यामागची भातखाचरे एवढ्यावरच लक्ष ठेवल्याने पुस्तकाला नेमकेपणा आला आहे. गाय पाळणे परवडण्यासाठी गावात काय काय असावे लागते, हा प्रश्न प्रत्येक लेखकाने आपापल्या बाजूने हाताळला आहे, आणि गाईच्या गुणगानात कुणी पाने घालवलेली नाहीत.

ज्यांच्या दावणीला अजून गावठी गाय आहे, त्यांनी हे पुस्तक वाचावे अशी माझी फार इच्छा आहे. गुरचरण कुठल्या गट क्रमांकात आहे आणि आज तिथे काय उभे आहे, हे ग्रामसभेत विचारा. दवाखान्यात रेतनासाठी जाल तेव्हा कोकण कपिलेचे रेत मागा. मागणी नोंदली गेली तरच पुरवठा येईल. आणि गोठ्यातला निकोप, चांगल्या बांध्याचा गोऱ्हा विकण्याआधी किंवा खच्ची करण्याआधी, पंचक्रोशीत दुसरा वळू उरला आहे का, एवढी चौकशी अवश्य करा.